तारीख नसलेली खोली

फोन आला तेव्हा मी नाक्यावर होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. शहापुरातल्या भावजींच्या दुकानाशेजारचा शिंपी बोलत होता. म्हणाला, "तुमचे भावजी गेले." मी विचारलं, "कुठे गेले?" धक्क्याने माझं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असेल. तसं काही नव्हतं, मी खरोखरच विचारत होतो. भावजी कुठेतरी गेले, कोणाला न सांगता गेले, हे मी सतरा-अठरा वर्षं मनात घोळवत आलो होतो, आणि त्या दिवशीही पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता आणखी कुठे गेले हे?... दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते. समोर कोणाचा तरी टीव्ही उघडा पडलेला, सोल्डर गन तापलेली. शिंप्यानेच बटण बंद केलं. मोटारसायकल काढून शहापूरला पोचेपर्यंत मला काही ते खरं वाटलं नाही. या शिंप्याला कोणी बोलायला तर लावलं नसेल ना, असं वाटेत दोनदा मनात येऊन गेलं.

हा माझा स्वभाव आहे, आणि तो आधीच सांगून टाकलेला बरा. वन खात्याच्या तपासणी नाक्यावर माझं आयुष्य गेलं. येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या ताडपत्रीखाली साग नाहीतर खैर लपवलेला आहे असं धरूनच तिथे चालावं लागतं. जो ड्रायव्हर हसून बोलतो त्याची गाडी आधी उघडायची, आणि जो अजिबात बोलत नाही त्याची त्याच्याही आधी. नाक्यावर ही सवय कामाची असते. घरी ती कोणाच्याच कामाची नसते. माझी बायको म्हणते, तुम्ही वाढलेल्या ताटाकडेसुद्धा वाहतुकीचा पास मागितल्यासारखं बघता.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमचं गाव वैशाखरे, माळशेज घाटाच्या रस्त्यावरचं. घरी भातशेती. भावजी, म्हणजे रघुनाथ भावजी, घाटावरचे, सिन्नरकडचे. शहापूरच्या बाजारपेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या देवळाचा लाउडस्पीकर दुरुस्त करायला आले आणि जावई होऊन गेले, अशी आमच्याकडे त्यांची चेष्टा चालायची. ते त्यावर हसायचे, पण बोलायचे काही नाहीत. बोलणं एकूणच कमी. एखादा रेडिओ उघडला की त्यात डोकं घालून तासभर बसायचे, आणि मग तो गायला लागला की तेवढ्यापुरते मान वर करायचे. ताईला त्यांचा हा स्वभाव आवडायचा. मला तो पहिल्यापासून खटकायचा.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. लग्नाला चार वर्षं झाल्यावर ताईला दिवस गेले. डोहाळजेवण आमच्याकडे वैशाखऱ्याला झालं, मार्गशीर्षात. हिरवी साडी, फुलांची वाडी, सगळं रीतसर. बायका तिला विचारायला लागल्या, काय खावंसं वाटतं गो? आणि ताई पटकन बोलून गेली, "शेवळाची भाजी." सगळं घर हसत सुटलं. वाचकांपैकी ज्यांना शेवळ माहीत नाही त्यांना सांगायला हवं. आमच्या मुरबाड-शहापूरच्या रानात मिरगाच्या आगेमागे, जेमतेम पंधरा-वीस दिवस, जमिनीतून एक करवंदी रंगाचा कोंब वर येतो. तो मिटलेला असतानाच खुडायचा, कारण एकदा उमलला की त्याला कुजल्यासारखी घाण येते. काकडाच्या झाडाची आंबट हिरवी फळं, ती काकडं, बरोबर घालूनच त्याची भाजी करायची, नाहीतर घसा खाजून जीव जातो. एवढी उठाठेव करून जी भाजी होते तिच्यापुढे आम्हाला दुसरं काही सुचत नाही. पण ती फक्त तेवढेच दिवस. मग त्याला पान येतं, दिवाळीच्या सुमारास पान वाळतं, आणि मातीखाली शेवळाचा कांदा झोपून जातो तो थेट पुढच्या मिरगापर्यंत. मार्गशीर्षात शेवळ मागणारी ताई म्हणूनच सगळ्यांच्या हसण्याचा विषय झाली. भावजींनी गंभीरपणे विचारलं, "शेवळ म्हणजे काय?" तेव्हा तर बायका पदर तोंडाला लावून लावून हसल्या.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. पौष लागला होता. ताई माहेरीच होती, आठवा महिना. भावजी तिला बघायला आले, एक रात्र राहिले आणि सकाळी "येतो" म्हणून निघून गेले. आम्हाला वाटलं दुकानात गेले. दुपारनंतर ताईच्या पोटात दुखायला लागलं. मुरबाडला नेलं. शहापूरला निरोप धाडला तर दुकान बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. ती रडली नाही... त्याच संध्याकाळी आमचा एक शेजारी म्हसा गावच्या जत्रेतून परत आला आणि सहज म्हणाला, तुमचे जावई दिसले की जत्रेत, जडीबुटीवाल्यांच्या रांगेत उकिडवे बसले होते. तिसऱ्या दिवशी भावजी आले. खांद्यावर जत्रेतली नवी काळी घोंगडी, तिचं बोचकं केलेलं. मी त्यांना दारातच गाठलं. जे तोंडाला आलं ते बोललो. नेमकं काय बोललो ते पुढे मी विसरून गेलो. ट्रकांचे नंबर दहा-दहा वर्षं लक्षात ठेवणारा मी, पण ते बोलणं विसरलो. भावजींनी बोचकं हळूच ओट्यावर ठेवलं आणि आत ताईकडे गेले. बायको मरणाच्या दारात असताना हा माणूस जत्रेत घोंगड्या घेत फिरत होता, एवढं एक मी मनात पक्कं केलं आणि तेव्हापासून त्यांच्यावर नजर ठेवली.

त्यांना पुन्हा मूल झालं नाही. ताईने तो विषय कधी काढला नाही. रेडिओ गेले, टीव्ही आले, मग टीव्हीही लोक दुरुस्त करण्याऐवजी बदलायला लागले, तरी भावजींचं दुकान रखडत का होईना चालू राहिलं. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. ताईच्या हातचा चहा घ्यायचा, इकडेतिकडे बघायचं आणि परत यायचं. भावजी मला नेहमी "या सदाशिवराव" म्हणायचे. मी कशावर नजर फिरवतोय हे त्यांना समजत असणार, पण त्यांनी ते कधी दाखवलं नाही.

दोन हजार सालानंतर, दोन की तीन असेल, त्यांच्या घराची मागची खोली बंद झाली. आधी तिथे जुने रेडिओ आणि लाकडं असायची. एके दिवशी गेलो तर दाराला नवी कडी आणि कुलूप. खिडकीला आतून काहीतरी काळं लावलेलं. ताईच्या स्वयंपाकघरातल्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पराती एकेक करून नाहीशा व्हायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाली, त्यांना लागतात. परात कशाला लागते रेडिओवाल्याला? त्यातच मला ते घड्याळाचं दिसलं. भावजी त्या खोलीत शिरायच्या आधी मनगटावरचं चावीचं घड्याळ काढायचे आणि दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायचे. बाहेर आले की पुन्हा घालायचे. मी म्हटलं, "आत घालून गेलात तर काय बिघडतं?" ते म्हणाले, "आत नको." घरातलं कॅलेंडरही त्या बाजूच्या भिंतीवरून उतरवून स्वयंपाकघरात नेलं होतं. आता मला सांगा, कोणाला संशय येणार नाही?

ते भारनियमनाचे दिवस होते. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी दिवे गेले की अख्खी आळी काळोखात बुडायची, लोक ओट्यावर येऊन पंख्याऐवजी वर्तमानपत्र हलवत बसायचे. आणि तशात भावजींच्या मागच्या खिडकीच्या फटीतून करवंदाच्या रसासारखा जांभळा-लाल उजेड बाहेर सांडायचा. घरात ताई मेणबत्तीवर स्वयंपाक करतेय आणि बंद खोलीत बॅटरीवर दिवाळी. आळीत वाट्टेल ते बोललं जायला लागलं. कोणी म्हणालं करणी, कोणी म्हणालं फोटो धुतात, एक म्हातारी म्हणाली गेलेल्या लेकीसाठी काहीतरी करतात. मी या सगळ्यांना हसायचो, कारण माझ्याजवळ पक्की माहिती होती. एका ड्रायव्हरने नाक्यावर चहा पिताना सांगितलं होतं की मोठ्या शहरांत लोक बंद खोलीत दिव्यांखाली गांजा लावतात. झालं! ते एकदा मनात बसलं ते उठेना. पावसाळ्यात खोलीतले दिवे बंद असायचे, तेव्हा मी समजलो माल निघाला. धाड पडली तर भावजी जातील तुरुंगात, ते जाऊ देत, पण ताईला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसावं लागेल. एवढं सोसलेल्या माझ्या बहिणीला हेही बघावं लागणार, हा विचार काही केल्या माझी पाठ सोडेना.

मग मी तपास सुरू केला. ते चहा सांगायला गेले असताना दुकानातला खण उघडला, तर आत कागदाच्या पुड्या. मुंबईहून आणलेल्या. एक पुडी सोडली. आत मसुरीच्या डाळीएवढे लाल काचेचे दाणे, प्रत्येकाला तारेचे दोन पाय. दुसऱ्या पुडीत तसेच, पण निळे. कोणालाही कळलं असतं की हे बारके दिवे आहेत. मी मात्र ठरवलं की ही वरवर दाखवायची पुडी असणार, खरी दुसरीकडे. शेवटी एकदा सरळच विचारलं, "भावजी, खोलीत झाडं आहेत ना? मातीचा वास येतो. बाहेर एवढं ऊन पडलेलं असताना दिवे कशाला लावता?" त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "उन्हाला महिना कळतो, सदाशिवराव." नाक्यावर मी ऐकलेल्या सगळ्या थापांमध्ये ही सर्वांत विचित्र होती.

ताईला विचारलं तर ती म्हणायची, त्यांचं काम चाललंय, चालू दे. त्या खोलीची बटणं दाराबाहेर होती. ती सकाळी लावायची, संध्याकाळी विझवायची, सांगितल्याप्रमाणे. पण आत पाऊल टाकायची नाही. मी समजलो, हिला धाकात ठेवलेलं आहे.

असाच एक पौष महिना. भावजी थोरल्या भावाच्या दहाव्याला सिन्नरला गेले होते, तिकडे चार दिवस राहणार होते. शिंप्याचा फोन आला, तुमच्या भावजींच्या मागच्या खोलीतून काहीतरी मेल्याचा वास येतोय, लोक कुजबुजतायत. मी रजा टाकून आलो. ताई शांतपणे तांदूळ निवडत बसली होती. घरभर तो वास. मी किल्ली मागितली तर म्हणाली, त्यांच्याजवळ असते. मी पहार आणली. "मोडू नको, सदू," एवढंच ती म्हणाली. मी कडी मोडली.

आत पाऊल टाकलं आणि डोळ्यांपुढे सगळं जांभळं. छताला उलट्या टांगलेल्या ताईच्या पराती, प्रत्येकीला शेकडो भोकं, प्रत्येक भोकात एकेक दिवा. खाली ओली गोणपाटं, त्यांवर कुंड्या, काहींत मोठाली छत्रीसारखी पानं, काहींत नुसती माती. भिंतीवर काही नाही. खिडकीला खिळ्यांनी ठोकलेली घोंगडी. ती मी ओळखली. म्हशाच्या जत्रेतली, तीच. एवढ्या वर्षांचा राग हातात आला आणि मी ती ओरबाडून काढली, खिडकी उघडली. ऊन आत आलं तेव्हा कोपऱ्यातली कुंडी दिसली. तिच्यात पूर्ण उमललेलं एक शेवळ होतं. माश्या घोंघावत होत्या. म्हणजे वास मला ओळखीचा होता, लहानपणापासूनचा, पण मिरगातला वास पौषात आला म्हणून नाकाने तो ओळखला नव्हता. आणि त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात पहिलं काय यावं? हे कुठल्या रानातून उचललं, आणि पास आहे का?...

ताई उंबऱ्याबाहेर उभी होती. तिने तिथूनच विचारलं, "फुललं का?" मी म्हटलं, हो, फुललंय, ये, बघ तरी. तर म्हणाली, "मी नाय येत. त्यांनी बोलवलं नाय मला." धाक, दुसरं काय, असं मी मनाशी म्हटलं. ते उमललेलं शेवळ उपटून उकिरड्यावर टाकलं, सगळे दिवे बंद केले, वास जावा म्हणून खिडकी सताड उघडी ठेवली आणि भावजींची वाट बघत दोन दिवस तिथेच मुक्काम ठोकला.

ते आले. मोडलेली कडी बघितली, घड्याळ खिळ्याला अडकवलं आणि आत गेले. मी भांडायच्या तयारीने मागोमाग गेलो. पानं माना टाकून पडली होती. त्यांनी एका कुंडीतली माती बोटाने चाचपली, खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, "आता यांना तारीख कळली." मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांचा तो साधा आवाज ऐकून माझाच आवाज चढला. म्हटलं, हा सगळा काय प्रकार आहे, कशासाठी? ते म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होतात." मी म्हटलं, मी काय म्हणालो होतो? मग घाटावरच्या त्या माणसाने माझं वाक्य माझ्याच बोलीत, माझ्या 'नाय'सकट, मला परत ऐकवलं. "बायकोनं एक शेवळ मागितलं, तेवढं आणता नाय आलं तुमाला. डोहाळा मारलात, पोर गेली."

मी ते बोललो होतो. ऐकताक्षणी आठवलं. दारात उभा राहून, त्या घोंगडीकडे बोट करून बोललो होतो. मी विसरलो आणि त्यांनी ते एवढी वर्षं जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. डोहाळा पुरवला नाही म्हणून मूल जात नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. दवाखान्यात त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. पण एक शेवळ आणायचं राहिलं होतं, आणि ते पौषातच आणायचं होतं. मला त्यांच्यासमोर उभं राहवेना. मी बाहेर गेलो आणि मोडलेली कडी ठोकून बसवायला लागलो. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

त्या दुपारी ते माझ्याशी जितकं बोलले तितकं ना आधी बोलले होते ना नंतर. एक परात मांडीवर घेऊन दाखवत होते. पहिल्या वर्षी सगळे लाल दिवे लावले, तर पानाचा देठ उंच उंच गेला आणि कोसळला. मग चार लालांमागे एक निळा घातला, तेव्हा पान धरलं. पाठीला जर्मनची परात, कारण हे दिवे मागून तापतात, आणि ताप पसरवायला जर्मनइतकं चांगलं काही नाही. पान जगलं तर कांदा पोसतो. पण बाहेर कितीही पाणी घाला, दिवाळी झाली की पान वाळतंच, कारण उन्हावरून, थंडीवरून त्याला महिना समजतो. म्हणून बंद खोली. हिवाळ्या-उन्हाळ्यात आत खोटा पावसाळा, ओली गोणपाटं, रोज चौदा तास दिवा. आणि बाहेर धो धो पाऊस असताना आत काळोख आणि कोरडी माती, म्हणजे कांदा झोपेल तो थेट पौषात उठवायला. झाडाला तारीख कळता कामा नये, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. घड्याळाने झाडाला काय कळणार, असं मी विचारलं तर थोडे लाजले. म्हणाले, "झाडाला नाही कळणार, सदाशिवराव. पण मला आत गेल्यावर कळू नये."

एवढं ऐकूनही माझा संशय मेला नाही, हे मला इथे कबूल केलं पाहिजे. लाज होती तशी होती, पण घरी जाताना मोटारसायकलवर विचार सुरूच. एका भाजीसाठी कोण एवढं करतं? अवेळी शेवळं काढून मुंबईच्या हॉटेलांना विकायचा बेत असेल. आणि जत्रेचं काय? डोहाळ्याचं एवढं मनाला लागलं होतं तर त्या दोन दिवसांत जत्रेत कशाला गेला हा माणूस? ते मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर माझ्याजवळ काय उरलं असतं? त्या वर्षी कुंड्यांतले उरलेले कांदे पौषात उठलेच नाहीत. जूनमध्ये, रानातल्या सगळ्या शेवळांबरोबर, अगदी त्याच आठवड्यात उगवले. भावजींनी ते खुडलेही नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यात तीन वर्षं गेली. गेल्या मार्गशीर्षात त्यांनी कांद्यांना उठवणीचं पाणी घातलं आणि चौथ्या दिवशी सकाळी दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. सिन्नरची माणसं येऊन गेली, दिवसपाणी झालं. मी ताईजवळ जाऊन येऊन होतो. खोलीची किल्ली आता तिच्याकडे होती, पण दार तिने उघडलं नव्हतं. पौषातल्या एका सकाळी चहा देता देता म्हणाली, "सदू, बघ जरा. आलं असंल आता." मी कुलूप काढलं. खोलीत काळोख होता. बॅटरी मारून बघितलं, तर दोन कुंड्यांत दोन कोंब. करवंदी, घट्ट मिटलेले, वीतभर उंच. खुडण्याजोगे.

मी म्हटलं, ताई, ये. ती उंबऱ्याशी येऊन थांबली. त्यांनी बोलवलं नाय मला, असं ती या वेळी म्हणाली नाही, पण पाऊल काही उचलेना. बोलावणार होते ते, शेवळ आल्यावर. आणि आता कोण बोलावणार?... मी नाक्यावरचा माणूस, खोटं पकडण्यात जन्म गेला, बोलण्यात नाही. तरी म्हणालो, "ये. बोलवलंय." ताईने माझ्याकडे संशयाने पाहिलं. आमच्या घरात तो गुण माझ्या एकट्याचा नाही. मग ती आत आली. वर टांगलेल्या आपल्या परातींकडे बघत थोडा वेळ नुसती उभी राहिली, आणि वाकून तिने दोन्ही शेवळं खुडली.

स्वयंपाकघरात हाताला तेल लावून ती चिरायला बसली तेव्हा मला एकदम आठवलं. म्हटलं, अगं, काकडं कुठून आणायची? ती तर जूनमध्येच मिळतात. भावजी घाटावरचे, त्यांना शेवळ कळलं पण काकडं कुठे माहीत होती! ताईने मांडणीच्या खालून चिनी मातीची बरणी काढली. आत खारवलेली काकडं. म्हणाली, दर जूनला घालते, दुसऱ्या जूनला टाकून ताजी घालते. मी विचारलं, कधीपासून? "पयली परात गेली तवापासून." मग मला ते "फुललं का?" आठवलं. आत काय आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिने बाहेरून तेच विचारलं होतं, आणि ताडपत्रीखालचं लाकूड वासाने ओळखणाऱ्या मला ते ऐकूनही ऐकू आलं नव्हतं. आणि जत्रा? ताई चिरता चिरता बोलत गेली. तेवढं त्यांनी तिला दवाखान्यातून आल्यावर तेव्हाच सांगितलं होतं. जत्रेत जडीबुटीवाले येतात, त्यांच्याकडे शेवळ मिळेल असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मिळालं नाही. एका डोंगरवाडीतल्या माणसाने रानात नेऊन झोपलेले कांदे खणून दिले, त्यात दोन दिवस गेले. थंडीने मरतील म्हणून घोंगडी घेतली आणि तिच्यात बांधून आणले. मी दारात अडवलं तेव्हा खांद्यावर होतं ते हेच. त्याच कांद्यांचे हे कांदे.

मी विचारलं, हे मला कधी का नाही सांगितलंस? ताईने विळीवरून मान वर केली. "तू इचारलंस कदी? तू तर तपासत होतास."

भाजी वाटीभर झाली. ताईने पहिला घास भावजींच्या फोटोपुढे ठेवला. त्याच्या शेजारी आणखी एक ठेवला, छोटा, पोराच्या तोंडात मावेल एवढा. मी विचारलं नाही. मग ती जेवायला बसली, आणि पहिला घास तोंडात घालून बराच वेळ तशीच बसून राहिली. मला वाटलं घसा खाजतोय. तिने मान हलवली. म्हणाली, "चांगली झालीय. घे." मी खाल्ली, आणि त्या दिवशी ताईच्या स्वयंपाकघरात बसून रडलो. भावजी गेले त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं.

आता माघ लागलाय. शेवळानंतर पान येतं, त्याला उजेड लागतो, म्हणून ताई सकाळी बटण लावते आणि संध्याकाळी विझवते. एका परातीतले निम्मे दिवे गेले होते, ते मी भावजींच्याच सोल्डर गनने डाग देऊन बसवले. बोटं भाजली, पण लागले. ताई आता आत येऊन पाणी घालते. खिडकीची घोंगडी मी पुन्हा ठोकून दिली आहे. दाराबाहेरच्या खिळ्यावर भावजींचं घड्याळ आहे. दुकानातून आणलं त्या दिवशी ताईने ते तिथेच अडकवलं, आणि रोज सकाळी त्याला चावी देते. मी आत जाताना माझं मनगटावरचं काढतो आणि त्याच खिळ्याला, त्याच्या शेजारी लावतो. दोन्ही घड्याळांत पाच मिनिटांचा फरक आहे. कोणाचं बरोबर आहे ते मी तपासलेलं नाही.